लील : थांब्यावर वसलेलं शहर

शहर कुठे वसतं असं कोणी विचारलं, तर आपण पटकन म्हणतो : जिथून येणं-जाणं सोपं असतं तिथे. आम्हीही वर्गात बरीच वर्षं हेच सांगत आलो. पण उत्तर फ्रान्समधल्या लीलचा इतिहास वाचताना वाटलं, की हे उत्तर अर्धवट आहे.

‘लील’ म्हणजे बेट. द्यूल नदीच्या दलदलीतली ही कोरडी जागा. १०६६ सालच्या एका दानपत्रात तिचं नाव येतं. आता गंमत बघा. इथे नदीची पातळी एकदम बदलायची आणि होड्या पुढे जाऊ शकत नसत. माल उतरवायचा, थोडं अंतर जमिनीवरून वाहून न्यायचा आणि पलीकडे दुसऱ्या होडीत भरायचा. मग हमाल आले, वखारी आल्या, बाजार भरू लागला. नदी अडली नसती तर होड्या सरळ पुढे निघून गेल्या असत्या, आणि आज आपण या गावाबद्दल बोलतही नसतो.

१६६७ साली चौदाव्या लुईने हे शहर स्पेनच्या ताब्यातून जिंकून घेतलं आणि वोबाँकडून तिथे पंचकोनी किल्ला बांधून घेतला. फ्लँडर्सच्या मध्यातली बाजारपेठ एका लढाईत फ्रान्सच्या काठावरची चौकी झाली! शहर होतं तिथेच राहिलं, नकाशा सरकला.

एकोणिसाव्या शतकात लीलमध्ये सुती आणि लिनन कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तर शेजारच्या रुबे आणि तूर्क्वेंमध्ये लोकरीच्या. १८४६ मध्ये पॅरिसहून रेल्वे आली. कामगार मात्र तळघरांत राहत होते. १८५१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो ती तळघरं पाहून हादरला होता. ‘इंटरनॅशनल’ या जगभर गायल्या गेलेल्या कामगारगीताला चाल लावली गेली ती १८८८ मध्ये, याच शहरात. चाल लावणारा पिएर दगेतेर हा स्वतः कामगार होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं हळूहळू ओसरलं. गिरण्या बंद पडत गेल्या. कोळशाच्या पट्ट्यातली शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. मग या शहराचं करायचं काय?

पिएर मोरुआ १९७३ पासून लीलचे महापौर होते, आणि मधली तीन वर्षं फ्रान्सचे पंतप्रधानही. १९८६ च्या जानेवारीत इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची घोषणा झाली ती लीलच्याच नगरभवनात, थॅचर आणि मित्तराँ यांच्या उपस्थितीत. पण बोगदा झाला म्हणून लीलला काही मिळेलच असं नव्हतं. लंडनला जायला आमिआँवरून जाणारा मार्ग अधिक सरळ होता. शिवाय लीलकडून गाडी नेली तरी शहराबाहेरून न्यावी, वेळ आणि पैसा वाचेल, असा रेल्वेचा विचार होता. मोरुआंचा आग्रह एकच : गाडी शहरातून गेली पाहिजे आणि इथे थांबली पाहिजे.

ते जिंकले. जुन्या तटबंदीमुळे लष्कराने मोकळी ठेवलेली जमीन शहराला लागूनच होती. तिथेच लील-युरोप स्थानक आणि ‘युरालील’ ही नवी पेठ उभी राहिली. म्हणजे लुईच्या सरहद्दीची उरलेली जागा सरहद्द पुसायला कामी आली. पॅरिस साधारण एका तासावर आलं, ब्रसेल्स त्याहून जवळ, लंडन दीड तासाच्या आत.

आणि आमिआँ? तिथल्या लोकांनी आंदोलन केलं, पण मार्ग गेला नाही. त्यांना मिळालं ते शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध एक स्थानक. लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘बीटांचं स्थानक’. हे नाव ऐकून आम्ही आधी हसलो, मग हसू ओसरलं. तासाला तीनशे किलोमीटरने जाणारी गाडी दोन शहरं जवळ आणते, तेव्हा मधल्या गावांना ती फक्त ऐकू येते. आणि हो, पॅरिस-लंडनच्या बऱ्याच गाड्या आज लीललाही न थांबता जातात.

लीलच्या आतही हाच प्रश्न आहे. १९८३ मध्ये इथे चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली. तिची कल्पना इथल्याच विद्यापीठातल्या रोबेर गाबियार यांची. पण तिचा पहिला मार्ग गेला विद्यापीठ असलेल्या नव्या वसाहतीकडे, गिरणीकामगारांच्या रुबेकडे नाही. रुबेला मेट्रो पोचली १९९९ मध्ये. पुढच्याच वर्षी तिथली ‘लेनिएर द रुबे’ ही लोकरगिरणी कायमची बंद झाली.