नारायणगाव : तमाशाची पंढरी आणि सुपारीचा बाजार

पुणे-नाशिक महामार्गावरचे नारायणगाव शहरी वाचकाला बहुधा टोमॅटोच्या बाजारासाठी किंवा जवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी ठाऊक असते. जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या तालुक्यांतील गावकारभाऱ्यांसाठी मात्र ते तमाशाच्या सुपारीचे गाव आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर येथे तमाशा मंडळांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांमध्ये कोणत्या गावी, कोणत्या रात्री, कोणता फड खेळ करणार हे त्या राहुट्यांत ठरते. ‘तमाशाची पंढरी’ हे बिरूद गावाला लाभले ते या व्यवहारामुळे आणि येथे नांदलेल्या एका घराण्यामुळे.

हे घराणे भाऊ-बापू नारायणगावकरांचे. भाऊंची कन्या विठाबाई (१९३५-२००२) हिने त्याची कीर्ती महाराष्ट्रभर नेली. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. नऊ महिन्यांची गरोदर असताना खेळ अर्ध्यावर सोडून ती तंबूमागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही हकिकत आजही फडाफडांतून सांगितली जाते. तीच विठाबाई अखेरच्या दिवसांत विपन्नावस्थेत होती. तिच्या निधनानंतर राज्य शासनाने तिच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कलावंताच्या वाट्याला मान मरणोत्तर आणि मानधन मात्र अपुरे, हा तमाशाचा जुनाच अनुभव आहे.

फड दोन प्रकारचे असतात. तंबूचे फड दसऱ्याला बाहेर पडतात, गावोगावी कनात लावून तिकिटावर खेळ करतात. हंगामी फड केवळ यात्रांच्या दिवसांत उभे राहतात. यात्रांच्या सुपाऱ्यांसाठी दोघांनाही नारायणगाव गाठावे लागते. आंबेगाव तालुक्यात पौष पौर्णिमेच्या थापलिंगच्या खंडोबापासूनच यात्रांची चाहूल लागते. पण खरी दाटी होते ती गुढीपाडव्यानंतर. चैत्र वद्य अष्टमीला, म्हणजे कालाष्टमीला, भैरवनाथाच्या यात्रा अनेक गावांत एकाच वेळी भरतात. त्या रात्रीची सुपारी साहजिकच चढ्या दराने जाते. हनुमान जयंती आणि अक्षय तृतीया याही मागणीच्या तिथी.

सुपारी देणारे असतात गावचे पंच. हाती वर्गणीचा पैसा असतो आणि वर्गणी पिकावर अवलंबून असते. टोमॅटो, कांदा, द्राक्षे यांचे भाव पडले की राहुटीतली घासाघीस लांबते. प्रत्येक राहुटीवर मंडळाच्या नावाचा फलक आणि प्रमुख कलावंतांची रंगीत छायाचित्रे झळकत असतात. पंच राहुटी-राहुटीतून फिरतात, चेहरे न्याहाळतात, यंदाचा वग कोणता ते विचारतात. एका अर्थाने हेही छायाचित्रांचे प्रदर्शनच; फरक इतकाच की येथे चित्र पाहणारा पुढच्या क्षणी व्यवहाराला बसतो.

दिवसा बैलगाडा शर्यत, रात्री तमाशा, असा या भागातील यात्रेचा रिवाज आहे. गण, गवळण, बतावणी आणि मग वग या क्रमाने खेळ पुढे सरकतो. रात्रीच्या खेळाने सुपारी संपत नाही. दुसऱ्या दिवशी गावात ‘हजेरी’ होते. रात्री जागलेलेच कलावंत पुन्हा ढोलकी, हलगी आणि तुणतुण्यासह उभे राहतात. दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा असतो. त्याच रात्री फडाचे ट्रक पुढच्या गावी पोहोचलेले असावे लागतात.

रात्रीचा खेळ पूर्वी पहाटेपर्यंत रंगत असे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंधन आणले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक ठाम केले. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते; परंतु शेकडो गावांच्या यात्रा त्या मोजक्या दिवसांत बसत नाहीत. कात्री लागते ती बहुधा वगाला. म्हणजे ज्यासाठी तमाशाला नाट्य म्हणायचे, तोच भाग आखडतो आणि चित्रपटगीतांवरील नाच उरतो.

शहरांपर्यंत हे जग पोहोचले त्यात छायाचित्रकार संदेश भंडारे यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. फडांबरोबर हिंडून त्यांनी टिपलेली छायाचित्रे प्रदर्शनांतून आणि ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकातून लोकांसमोर आली. बोर्डावरच्या नाचापुरता त्यांचा कॅमेरा थांबला नाही. बोर्डामागचे जगणेही त्यांनी नोंदवले. कलादालनातील प्रेक्षकाला तमाशाची ओळख बहुतेक वेळा लावणीच्या एका झगमगीत मुद्रेपुरती असते. अशा वेळी या नोंदीचे मोल मोठे ठरते, कारण फडाकडे स्वतःच्या इतिहासाचे दप्तर सहसा नसते. वग पाठांतराने चालत आले, फड फुटले की संहिता कलावंतांबरोबर पांगल्या.

हंगाम किती अरुंद आहे, हे करोनाच्या साथीत उघड झाले. २०२० मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी नेमकी त्याच दिवसापासून लागू झाली. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध लागले. सलग दोन वर्षे यात्रा बुडाल्या. शेतकऱ्याचे एक पीक गेले तर दुसरे घेता येते, फडाला चैत्र वर्षातून एकदाच येतो.

या अरुंद हंगामावरच ‘उचल’ चालते. पावसाळ्यात खेळ बंद असतात. तेव्हा कलावंत फडमालकाकडून पुढच्या हंगामासाठी आगाऊ रक्कम घेतात, मालक ती अनेकदा सावकाराकडून उभी करतो, आणि पुढच्या चैत्रातील सुपाऱ्यांतून फेड होते. वैशाख सरतो, राहुट्या उतरतात, आणि त्याच सुमारास पुढल्या वर्षीच्या उचलीची बोलणी सुरू होतात.