आधी तापवावं लागतं

इतिहासाच्या पुस्तकांत यंत्रं आपल्याला नेहमी चालू झालेलीच भेटतात. अमुक साली वाफेची बोट आली, तमुक साली मोटरबोट आली, आणि मग सगळं बदललं. पण कडाक्याच्या थंडीत, पहाटेच्या अंधारात ते इंजिन सुरू कोण करायचं आणि कसं, हे सहसा कुणी लिहीत नाही. मला मात्र यंत्रांच्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. कारण तिथे शोध लावणारा माणूस मागे राहतो आणि रोज काम करणारा माणूस पुढे येतो.

उत्तर नॉर्वेतली लोफोटेन बेटं घ्या. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, पण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही. जानेवारी ते एप्रिल कॉड मासा अंडी घालायला या पाण्यात येतो. म्हणजे हवा बोटं बधिर करणारी, पाणी मोकळं, आणि वर्षाची कमाई याच तीन-चार महिन्यांत. शेकडो वर्षं हे मच्छीमार उघड्या होड्यांतून, वल्ह्यांवर आणि शिडांवर समुद्रात जात होते.

१८९० साली तिथल्या त्रोलफ्योर्ड नावाच्या चिंचोळ्या खाडीत मासा दाटला. वाफेच्या बोटी घेऊन आलेल्या धनिकांनी खाडीचं तोंडच अडवलं. वल्ह्यांवरचे मच्छीमार चिडले, मारामारी झाली आणि ते जबरदस्तीने आत घुसले. नॉर्वेत ही घटना 'त्रोलफ्योर्डची लढाई' म्हणून ओळखली जाते. प्रश्न साधा होता. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचाच समुद्र का?

वाफेचं यंत्र गरिबाच्या होडीत बसणारं नव्हतं. बॉयलर, कोळसा, पाणी, सगळाच अवजड आणि महाग मामला. गंमत म्हणजे त्याच १८९० साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या माणसाने एका वेगळ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे 'हॉट बल्ब' इंजिनं निघाली. स्वीडनच्या बोलिंडर कंपनीसारख्या कारखान्यांनी ती बोटींसाठी बनवली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती स्कँडिनेव्हियाच्या किनाऱ्यावर लहान होड्यांतही जाऊन पोहोचली.

हे इंजिन म्हणजे कमालीचा साधा प्रकार. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा. तो लालबुंद तापलेला असला की त्यावर पडणारं तेल पेट घेतं. ठिणगी नको, बॅटरी नको, खाऱ्या दमट हवेत बिघडेल अशी वायरच नको. तेलही हलक्या प्रतीचं चालायचं. एकदा सुरू झालं की गोळा आतल्या जळण्यानेच तापलेला राहायचा.

पण 'एकदा सुरू झालं की'! त्याआधी तो गोळा बाहेरून तापवावा लागे, ब्लोलॅम्पने. थंडीत यात दहा-पंधरा मिनिटं सहज जात. मग जड फ्लायव्हील हाताने झुलवायचं. गोळा पुरता तापला नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. इंजिन फार वेळ नुसतं मंद चालू ठेवलं तरी गोळा निवायचा आणि पुन्हा ब्लोलॅम्प काढावा लागायचा. हे सगळं लाकडी होडीत, तेलाने माखलेल्या कोंदट जागेत, उघड्या ज्योतीने. होडी बंदरातून निघण्याआधी कुणीतरी एक जण सगळ्यांच्या आधी उठलेला असायचा. त्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही.

मराठी माणसाला हा सोहळा परका वाटायचं कारण नाही. आमच्या घरी प्रायमसचा स्टोव्ह होता. आधी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, पेटवायचा, बर्नर तापेपर्यंत थांबायचं आणि मगच पंप मारायचा. घाई केली की पिवळा भडका आणि काळं झालेलं भांडं. रॉकेलची वाफ होण्यासाठी धातू आधी तापलेला हवा, हे आमच्या आजीला कुणी विज्ञान म्हणून शिकवलं नव्हतं. प्रायमससुद्धा स्वीडनचाच, १८९२ सालच्या सुमाराचा. ब्लोलॅम्प आणि तो स्टोव्ह ही एकाच कुळातली भावंडं आहेत.

पुढे डिझेल इंजिनं आली आणि गोळा गेला. पण थंडीची अडचण काही गेली नाही. डिझेलमध्ये हवा दाबून इतकी तापवतात की तेल आपोआप पेटतं. लोखंड गारठलेलं असलं तर ती उष्णता तेच पिऊन टाकतं. शिवाय वंगणाचं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरीचीही ताकद घटते. म्हणजे जोर जास्त लागणार तेव्हाच तो कमी मिळणार.

यावरचं घरगुती उत्तर अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमनने काढलं. ग्रामीण वीज सहकारी संस्थेत काम करणारा हा माणूस. इंजिनाच्या डोक्यावरचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेवर तापणारा बोल्ट बसवायचा, अशी त्याची युक्ती. १९४९ साली त्याला पेटंट मिळालं. ते मोटारगाडीसाठी होतं. पण कल्पना तीच: रात्रभर थोडी थोडी ऊब द्या, सकाळी झगडायला नको. आज बहुधा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, थंडाव्याच्या पाण्यातच तापवणारी कांडी बसवतात.

बोटीचा मामला गाडीपेक्षा थोडा वेगळा. समुद्राचं पाणी उणे २ अंशांच्या आसपास गोठतं. म्हणजे मोकळ्या पाण्यात तरंगणारी बोट, हवा उणे २० असली तरी, खालून काहीशी उबेत असते. तीच बोट ओढून जमिनीवर ठेवली की पुरती गारठते. उलट धक्क्यावरची वीज आणि खारं पाणी यांची सोबत धोक्याची. वायरिंग चुकलं तर माणसाला झटका बसतो आणि पाण्यातले धातूचे भाग गंजून खल्लास होतात. ज्योत गेली, जोखीम राहिली.

टायटॅनिक १९१२ साली बुडाली. त्यानंतर १९१४मध्ये जहाजांवरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच परंपरेतल्या आजच्या नियमांनुसार लाइफबोटीचं इंजिन उणे १५ अंशांत, सुरू करायला घेतल्यापासून २ मिनिटांत चालू झालं पाहिजे. जहाजावरचा आपत्कालीन जनरेटर शून्य अंशाला लगेच सुरू झाला पाहिजे, आणि त्याहून जास्त थंडी पडणार असेल तर तो तापवण्याची सोय हवी. म्हणून कित्येक जहाजांवर त्या जनरेटरचा हीटर सतत चालू असतो. जनरेटर चाचणीपुरताच चालतो, त्याची ऊब मात्र कायम.

बोटीवर नोकरी करणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या रोजच्या फेरीत त्या जनरेटरला हात लावून तो कोमट आहे ना हे बघणं असेल. वहीत त्याची एका शब्दाची नोंद होत असेल. लोफोटेनच्या त्या ब्लोलॅम्पवाल्याची तेवढीसुद्धा झाली नाही. पण पंधरा मिनिटांची दोन मिनिटं झाली, त्यामागे त्याच्यासारख्यांनी काढलेल्या असंख्य पहाटा आहेत.