परवचा ते पूर्वपरीक्षा

महाराष्ट्रातील जुन्या शाळांत उजळणी ही परीक्षेची तयारी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गावच्या पंतोजीकडे किंवा वेदशाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षअखेरीची लेखी परीक्षा नसे. काल शिकलेले आज म्हणून दाखवायचे, आजचे उद्या, हाच शिक्षणाचा नित्यक्रम होता. पुढे ठरलेल्या तारखेची परीक्षा आली आणि रोजची उजळणी हळूहळू वर्षाच्या शेवटी जाऊन बसली. हा बदल मुलांच्या अभ्यासाच्या दृष्टीने फार मोठा होता. मात्र शिक्षणाच्या इतिहासात शाळा, कायदे आणि आयोग यांच्याविषयी जितके लिहिले गेले, तितके याविषयी लिहिले गेले नाही.

पाठांतराची सर्वांत काटेकोर रीत वेदशाळेतली. गुरूने संथा द्यायची, म्हणजे ऋचेचा एक तुकडा स्वरांसह म्हणायचा, आणि शिष्यांनी तो पुन्हा पुन्हा म्हणून पक्का करायचा. संहिता पाठ झाली की पदपाठ, मग क्रम, जटा, घन. या पाठांची रचना पाहण्याजोगी आहे. क, ख, ग अशी तीन पदे लागोपाठ असतील तर क्रमपाठात ‘कख, खग’ असे म्हणायचे. जटेत ‘कख, खक, कख’ असे पुढे-मागे-पुढे जायचे. घनात ‘कख, खक, कखग, गखक, कखग’ अशी वीण होते आणि मग एक पद पुढे सरकून तीच वीण पुन्हा सुरू होते. मंत्राच्या मध्यावरचे कोणतेही पद अशा रीतीने तेरा वेळा उच्चारले जाते, तेही दर वेळी वेगळ्या शेजाऱ्यांसह. पद गळले, उलटले किंवा स्वर चुकला तर वीण तिथेच अडते आणि चूक कळते. नुसत्या घोकण्यापेक्षा हे बरेच पुढचे होते. पाठांतराची तपासणी पाठांतरातच बसवलेली होती. ही विद्या ब्राह्मण मुलग्यांपुरतीच ठेवली गेली, हेही तितकेच खरे. पेशवाईत पुण्याला दर श्रावणात विद्वत्तेची पारख करून दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्याच निधीचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच.

गावच्या शाळेचे काम निराळे होते. तिथे वाण्याचा, कुलकर्ण्याचा, पाटलाचा मुलगा हिशेब आणि मोडी अक्षर शिकायला येई. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिथे जागा नव्हती आणि मुलींनाही बहुधा नव्हतीच. १८२० ते १८३० या दशकात मुंबई सरकारने अशा शाळांची पाहणी करवली. तिची कागदपत्रे पुढे र. वि. परुळेकरांनी ग्रंथरूपात आणली. शाळा भरे ती देवळात, धर्मशाळेत किंवा कुणाच्या तरी ओसरीवर. छापील पुस्तक नसे. धूळपाटीवर काडीने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. मग कित्त्यावरून वळण बसवायचे. दिवस उतरला की परवचा. मुले ओळीने उभी राहत, एक जण पुढे होऊन म्हणे आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणत. घरीही दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर वार, तिथी, महिने, नक्षत्रे आणि पाढे म्हणण्याची चाल होती, आणि ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली.

परवच्यात सर्वांत मोठा वाटा पाढ्यांचा. ‘बे एके बे’पासून तीसपर्यंतचे पाढे झाले की काम संपत नसे. पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची रांग असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ओझे वाटते, पण त्या काळच्या व्यवहारात त्याची रोज गरज पडे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण. सव्वा रुपया शेराने सतरा शेर तूप विकले तर किती झाले, हे दुकानदाराला गिऱ्हाईक समोर उभे असताना सांगावे लागे. सवायकी तोंडपाठ असलेला मुलगा सतराच्या जागी सव्वाएकवीस म्हणून मोकळा होई. ज्याला ती येत नसे तो बोटे मोजत बसे. पाठांतराचा उपयोग दुसऱ्या दिवशी बाजारातच दिसत असल्याने मुलाला ते कशासाठी करायचे हे वेगळे सांगावे लागत नसे.

या रीतीत दोन गोष्टी चांगल्या होत्या. एक म्हणजे उजळणी रोज होई आणि ती साठत जाणारी असे. नवा पाढा आला म्हणून जुना सुटत नसे. दुसरी, ती न बघता आणि मोठ्याने होई. आठवेल तेवढेच तोंडून निघे आणि अडले की लगेच कळे. उणिवाही ठळक होत्या. सामूहिक परवच्यात कच्चा मुलगा इतरांच्या आवाजावर तरून जाई. पाढा साखळीसारखा पाठ असल्याने साती आठे विचारले की पुष्कळांना ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागे. चांगला पंतोजी म्हणून मध्येच कुठलाही प्रश्न टाकी. अर्थ समजावून सांगण्याचा प्रश्न मात्र फारसा येत नसे, आणि चुकल्यावर छडी ठरलेली.

छापील क्रमिक पुस्तके आली तशी ही घडी बदलू लागली. मुंबईतल्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या काळात जर्व्हिसने गणिताची पुस्तके मराठीत आणली, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले, पुढे मेजर कँडीच्या देखरेखीखाली वाचनमाला तयार झाल्या. विद्या पुस्तकात राहू लागली, तेव्हा ती सगळी तोंडात बाळगण्याची निकड कमी झाली. हे बहुतेक बाबतींत चांगलेच होते. पण पुस्तक उघडून पुन्हा वाचले की अभ्यास झाला, ही समजूतही त्याच वेळी रुजली.

खरा फेर पडला तो परीक्षेमुळे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होणे म्हणजे सरकारी नोकरीचे दार उघडणे. मराठी शाळेतल्या मुलांसाठी व्हर्नाक्युलर फायनल होती. ती उत्तीर्ण झालेला मुलगा शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. पोटापाण्याचा असा निकाल एका आठवड्यात लागणार असेल, तर साऱ्या वर्षाचा अभ्यास त्या आठवड्याकडे झुकणे ओघानेच आले. त्यातच मुंबई इलाख्यात अनुदान निकालावर देण्याची पद्धत १८६०च्या दशकात सुरू झाली. साहेब किंवा दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर) तपासणीला येणार म्हटले की शाळा त्या दिवसासाठी घोकून घेतली जाई. मुले किती उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पैसे ठरत.

मॅट्रिकची बहुतेक उत्तरे इंग्रजीत लिहावी लागत. परक्या भाषेत मनाने वाक्य रचण्यापेक्षा तयार परिच्छेद पाठ करणे मुलांना सुरक्षित वाटे, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. नेमलेल्या पुस्तकांवरच्या ‘की’ आणि नोट्स यांचा बाजार उभा राहिला तो या गरजेतून. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने यावर बोट ठेवले: परीक्षा अध्यापनासाठी नसून अध्यापनच परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. निदान अचूक होते, पण उपाय झाला नाही.

अभ्यासाला जागा कुठे आणि वेळ कोणता, हाही या इतिहासाचा भाग आहे. वार लावून जेवणारे गरीब विद्यार्थी देवळात किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचत. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असल्याने ते लवकर झोपत आणि रात्री दोनच्या सुमारास वडील, रामजी सकपाळ, त्यांना अभ्यासाला उठवत. दिवसा शाळेनंतर चर्नी रोडच्या बागेत ते वाचत बसत. कृष्णराव अर्जुन केळुसकरांशी त्यांची ओळख तिथेच झाली. वरळीत बीडीडी चाळींजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणतात. घरात बसायला जागा नाही म्हणून कित्येक पिढ्यांतील मुलांनी त्या रस्त्याच्या कडेला दिव्याखाली परीक्षांची तयारी केली आहे. पहाटेचे पाठांतर अधिक चांगले राहते असे घरोघर सांगितले जाते; त्यामागे शांतता आणि रिकामी जागा तेवढ्याच वेळी मिळे, हे साधे कारणही आहे.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. आजचे राज्य मंडळ १९६६ मध्ये आणि बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली. जुन्या अकरावीची मुलेही त्याच वर्षी बसली. गाइड, व्यवसायमाला आणि ‘२१ अपेक्षित’ यांचा काळ तो हा. अपेक्षित प्रश्नसंचाला नावे ठेवण्याची रीत आहे, आणि कोणता प्रश्न ‘येणार’ याचा सट्टा लावून बाकीचा धडा सोडणे वाईटच. पण पुस्तक मिटून, घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवली तर तोच संच उजळणीचे उत्तम साधन ठरतो. शाळेची पूर्वपरीक्षा आणि सराव परीक्षा यांचेही खरे मोल तिथेच आहे. मिळालेल्या गुणांपेक्षा न आठवलेल्या उत्तरांची यादी अधिक कामाची असते.

दरम्यान जुन्या परवच्याचा आधारही सुटत होता. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि पावकी-पाउणकीचे रोजचे काम संपले. अंकलिपीत ती आणखी काही वर्षे छापली जात राहिली. पाढे शाळेत टिकले, पण दिवेलागणीचा परवचा बहुतेक घरांतून गेला, आणि त्याबरोबर रोज थोडे म्हणून दाखवण्याची सवयही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून राज्यात आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभर थोडे थोडे तपासावे हा त्याचा हेतू जुन्या रीतीच्या जवळचा होता. पुष्कळ शाळांत त्याच्या नोंदवह्याच तेवढ्या भरल्या गेल्या.

स्मरणाचा प्रयोगांनी अभ्यास सुरू झाला तो जर्मनीत. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ केले आणि विसरण्याचे मोजमाप ठेवले. एकाच दिवशी ६८ आवर्तने करून जितका फायदा झाला, तितकाच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६. रात्रभर वाचून सकाळी पेपरला बसणाऱ्याला आपली रीत बरोबर का वाटते आणि महिन्याभराने काहीच का उरत नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या जोड्यांत आहे. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी गणितात दाखवले की एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवण्यापेक्षा निरनिराळ्या प्रकारांची सरमिसळ केल्यास सरावात चुका जास्त होतात, पण पुढच्या चाचणीत यश कितीतरी जास्त मिळते. पंतोजीचा मध्येच टाकलेला प्रश्न हेच काम करी. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि दिवसांचे अंतर ठेवून उजळणी करणे या दोनच रीतींना त्यांनी वरचा दर्जा दिला. ओळींखाली रेघा मारणे आणि पुन्हा वाचणे तळाला राहिले.

शहरांतल्या अभ्यासिकांत आज मात्र याच शेवटच्या दोन रीती सर्वाधिक दिसतात. बोलायला बंदी असलेल्या खोलीत म्हणून दाखवणे शक्य नसते, म्हणून काही जण बाहेर जिन्यावर किंवा चहाच्या टपरीशी उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारतात. एकट्याला हेच कोऱ्या कागदावर करता येते: धडा मिटून आठवेल ते लिहायचे, पुस्तक उघडून गाळलेले पुरे करायचे, आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने तोच कागद पुन्हा कोरा घ्यायचा.