पाहुणे कामगार

जर्मनीत कलोन शहरात डॉइट्झ नावाचे एक रेल्वे स्टेशन आहे. १० सप्टेंबर १९६४ रोजी तिथे स्पेन-पोर्तुगालहून मजुरांनी भरलेल्या गाड्या येऊन थांबल्या. ध्वनिक्षेपकावरून एका पोर्तुगीज सुताराच्या नावाचा पुकारा झाला. आर्मांडो रॉड्रिगेश हे त्याचं नाव, वय अडतीस. पुकारा ऐकून बिचाऱ्याच्या पोटात गोळा आला. कागदात काही खोट निघाली, आता आल्या पावली परत धाडणार, असं त्याला वाटलं म्हणतात. पण झालं उलटंच! बँड वाजला, हातात फुलं आली, आणि एक नवी कोरी मोपेड त्याच्यापुढे उभी केली गेली. दहा लाखावा परदेशी कामगार म्हणून कारखानदारांच्या संघटनेने केलेला हा सत्कार होता.

हे दहा लाख लोक आले कसे? दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाली, पण पुढच्या दहाच वर्षांत पश्चिम जर्मनीचे कारखाने धडधडू लागले आणि हात अपुरे पडू लागले. २० डिसेंबर १९५५ रोजी तिने इटलीशी करार केला: माणसे तुमची, काम आमचे. १९६० मध्ये स्पेन व ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६४ मध्ये पोर्तुगाल, १९६८ मध्ये युगोस्लाविया, अशी यादी वाढत गेली. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. पूर्वेकडून येणारे जर्मन कामकरी थांबले, आणि परक्यांची गरज अधिकच वाढली.

या लोकांना नाव मिळाले ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार. नाव गोड आहे, पण त्यातच मेख आहे. पाहुणा केव्हातरी जायचाच! इस्तंबूलच्या भरती कचेरीत दातांपासून लघवीपर्यंत सगळी तपासणी व्हायची, मग कामाचा करार हाती पडायचा. परवाना मिळे तो बहुधा ठरलेल्या मालकाकडच्या ठरलेल्या कामाचा. राहण्याचा परवाना वेगळा. मालक सोडला की दोन्ही धोक्यात. तुर्की कामगारांना तर मुदत दोनच वर्षांची होती. रहाटगाडगे असते ना, भरलेला पोहरा वर येतो, रिकामा खाली जातो, तसाच हा हिशेब होता.

पण हे रहाटगाडगे अडले, आणि अडवले कोणी? खुद्द कारखानदारांनी. दोन वर्षांत माणूस यंत्रावर तयार होतो, भाषा थोडीफार समजू लागतो, आणि नेमका तेव्हाच त्याला परत पाठवून नवा शिकवायचा! हा तोटा त्यांना परवडेना. १९६४ मध्ये तुर्कस्तानबरोबरच्या करारातली दोन वर्षांची अट गेली. १९७१ मध्ये पाच वर्षे काम केलेल्यांना आणखी पाच वर्षांचा खास परवाना मिळू लागला. नियम सैल झाला तो दयेपोटी नव्हे, गरजेपोटी.

पुढे तेलाचे संकट आले. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी सरकारने भरती बंद केली. त्या वेळी सुमारे २६ लाख परदेशी कामगार तिथे होते. सरकारला वाटले, आता हळूहळू निघून जातील. झालं भलतंच. पूर्वी माणूस गावी जाई, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा येई. आता दार एकदा मागे लागले की उघडणार नाही, हे कळल्यावर जाणार कोण? लोक राहिले, आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागले. १९८३ मध्ये परत जाणाऱ्यांना साडेदहा हजार मार्क देण्याचा कायदा झाला; तरी बहुतेक जण हलले नाहीत. तोवर मुलं तिथल्या शाळेत जात होती.

मग पोर्तुगीज सुताराचे काय झाले? तो आजारी पडून गावी परतला. आजारपणात जर्मनीतून मदत मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही, असे सांगतात. साठवलेली पुंजी औषधपाण्यात गेली. १९७९ मध्ये तो कर्करोगाने वारला. मोपेड मात्र बॉनच्या इतिहास-संग्रहालयात जपून ठेवली आहे.

ही जुनी गोष्ट आज कशाला, असे आपण म्हणाल. तर दार पुन्हा उघडले आहे. २००० साली जर्मनीने संगणक-तज्ज्ञांसाठी पाच वर्षांचा परवाना काढला; त्यात भारतीय पुष्कळ गेले. १ जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’, म्हणजे संधिपत्र, सुरू झाले. शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजून वर्षभर तिथे राहून काम शोधता येते आणि तोवर आठवड्याला वीस तास नोकरीही करता येते. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हा ही गोष्ट आता आपल्याही घरची झाली आहे.

आपल्या घरातले कोणी निघाले, तर पगाराचा आकडा विचाराच. पण आणखी चार प्रश्न विचारा. मालक बदलता येईल का? बायकामुलांना नेता येईल का? काम सुटले तर किती दिवस राहता येईल? आणि आजारी पडलो, तर माझा हक्क काय? सत्काराची फुलं दोन दिवसांत सुकतात. कागदावर काय लिहिलंय, ते मात्र जन्मभर पुरतं.