गवताच्या मैदानाचे नांगे : विम्बल्डनमधील वीस दिवस

लंडनमधील विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर ८ जुलै २०१२ रोजी रॉजर फेडरर याने अँडी मरे याचा पराभव करून पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले. याच कोर्टांवर २८ जुलैपासून ऑलिम्पिकचे टेनिस सामने व्हायचे होते. दोन आठवड्यांच्या खेळाने बेसलाइनजवळचे गवत झिजून माती उघडी पडली होती. एरवी या दुरुस्तीसाठी पुढच्या स्पर्धेपर्यंतचा अवधी मिळतो. त्या वर्षी हाती होते अवघे वीस दिवस.

झीज कशामुळे होते?

पायांखाली गवताचे दुहेरी नुकसान होते. पाती आणि मुळाजवळचा वाढीचा भाग चिरडला जातो, तसेच माती दबून घट्ट झाल्याने मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. सर्व्हिस करून जाळ्याकडे धावण्याची शैली मागे पडल्यानंतर टेनिसपटूंचा वावर बेसलाइनपाशी वाढला आणि झीजही तेथेच एकवटली. फुटबॉलच्या मैदानात हीच अवस्था गोलसमोरील जागेची होते.

विम्बल्डनची कोर्टे २००१ पासून पूर्णपणे बहुवर्षायू राय गवताची आहेत. त्यापूर्वी ७० टक्के राय गवत आणि ३० टक्के लाल फेस्क्यू असे मिश्रण वापरले जात असे. तुडवणूक सोसण्याची ताकद अधिक असल्यामुळे राय गवताची निवड झाली. स्पर्धेच्या काळात ते ८ मिलिमीटर उंचीवर कापले जाते. मात्र या गवताची एक मर्यादा आहे. ते झुपक्याने वाढते. धावते फुटवे टाकून दूरवर पसरत नाही. त्यामुळे पडलेले टक्कल आपोआप भरून येत नाही.

पेरणीची पद्धत

पिकात उगवण न झालेल्या जागी शेतकरी नांगे भरतात. उभ्या हिरवळीत पुन्हा बी पेरण्याचे, म्हणजेच ओव्हरसीडिंगचे, तत्त्व तेच आहे. प्रथम गवत बारीक कापून वाळलेला थर खरवडून काढला जातो. दबलेली माती टोचून मोकळी केली जाते. त्यानंतर बी पेरून त्यावर मातीचा पातळ थर दिला जातो. बियाणे मातीला टेकलेले असणे महत्त्वाचे असते. वाळलेल्या गवतावर पडलेले बी उगवले तरी सुकून जाते. अंकुर स्थिरावेपर्यंत वरचा थर थोड्या थोड्या पाण्याने ओलसर ठेवावा लागतो. अनुकूल तापमानात राय गवताचे बी साधारण आठवडाभरात उगवते.

जागा पूर्ण उघडी पडण्याआधीच पेरणी करणे हिताचे असते. रिकाम्या जागेचा ताबा तण लवकर घेते आणि त्याची मुळे उथळ असल्यास खेळाडूच्या पायाखाली ते सहज उखडते.

२०१२ मधील उपाय

टेनिसच्या कोर्टवर आणखी एक पेच असतो. कोवळ्या रोपाला ओल हवी असते, तर चेंडूच्या योग्य उसळीसाठी माती कोरडी व कठीण असावी लागते. म्हणजे वीस दिवसांतील शेवटचे काही दिवस पाणी तोडण्यासाठी राखून ठेवणे भाग होते. मुख्य ग्राउंड्समन एडी सीवर्ड यांच्या चमूने यासाठी आधीच मोड आणलेले बी झिजलेल्या जागी पेरले. उगवणीत जाणारे दिवस त्यामुळे वाचले. ऑलिम्पिकचे सामने ठरल्या दिवशी सुरू झाले आणि ५ ऑगस्ट रोजी त्याच सेंटर कोर्टवर मरे याने फेडररला सरळ सेटमध्ये हरवून सुवर्णपदक मिळवले.

भारतातील चित्र

भारतात अनेक मैदानांवर हरळी, म्हणजेच दूर्वांच्या कुळातील गवत असते. ते जमिनीवरून व जमिनीखालून पसरत असल्याने उबदार हवेत लहानसहान टकले स्वतःच भरून काढते. उत्तर भारतातील कडक थंडीत मात्र त्याची वाढ थांबते, पाती पिवळी पडतात आणि झीज भरून येत नाही. अशा ठिकाणी थंडीच्या सुरुवातीला हरळीवर राय गवताचे बी पेरले जाते. हिवाळाभर ते मैदान हिरवे ठेवते; उन्हाळ्याच्या तापात ते मरते आणि हरळी पुन्हा जोर धरते. वसंतात राय गवत वेळीच विरळ केले नाही, तर त्याच्या सावलीत हरळीची फूट मात्र खुंटते.

शाळेचे मैदान असो वा मोठे क्रीडांगण, कोवळ्या गवताची मुळे खोल जाईपर्यंत त्यावर खेळ थांबवावाच लागतो. मोड आणलेल्या बियाण्याने उगवणीचे दिवस वाचतात, विश्रांतीचे नव्हे. म्हणूनच सामन्यांचे वेळापत्रक आखतानाच पेरणीचे आणि विश्रांतीचे दिवस त्यात धरणे आवश्यक ठरते.