माळव्याची अफू ते कुरकुंभचं एमडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आमच्या दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. त्याआधी २०२० मध्ये चाकणला सापडलेल्या मालाचा माग शिरूरच्या रांजणगावपर्यंत आला होता. लोक म्हणाले, हे काय नवीनच! नवीन कसलं?

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि कंपनी सरकार त्यावर कर घ्यायचं. १८३९ मध्ये चीनने २०,००० वर पेट्या नष्ट केल्या, तर इंग्रजांनी युद्धच छेडलं.

आज कायदे आहेत, पण उशिराचे. ब्रिटनने एमडीवर २०१० मध्ये बंदी घातली. आपल्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत ते २०१५ मध्ये आलं. सिंगापूर तस्करांना फाशी देतं. पोर्तुगालने २००१ पासून व्यसनी माणसाला तुरुंगाऐवजी उपचारांकडं वळवलं. पण तिथं माल बहुतेक बाहेरून येतो. आपल्याकडं तो कारखान्यातच शिजतो, आणि त्या एमआयडीसीत कामाला आपलीच पोरं आहेत.

पुडीवाल्याला पकडाच. पण कारखान्यात कोणतं रसायन किती आलं, त्याचं पुढं काय झालं, हा हिशेब कोण तपासतं? मी तरी हाच प्रश्न विचारत राहणार. तुम्हीही विचारा.