चहा, कषाय आणि काढा : जोयडा तालुक्यातील तीन पेये

मोलेहून अनमोड घाट चढला की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. या भागात पाहुण्याला पुष्कळदा ‘चहा घेणार की कषाय?’ असे विचारले जाते. प्रश्न साधा असला तरी त्यातील दोन पेयांचा इतिहास, घटक आणि कृती वेगवेगळ्या आहेत. त्यांच्या जोडीला काढा हे तिसरे पेय येते. अलीकडे या तिन्हींना ‘हर्बल टी’ या एकाच नावाखाली बसवले जाते. तथापि त्यांतील भेद जाणणे आरोग्याच्या आणि जंगलाच्याही दृष्टीने आवश्यक आहे.

प्रदेश आणि लोक

जोयडा हा पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि मुख्यालय जोयडा येथे आले. काळी नदीचा उगम याच तालुक्यातील डिग्गी परिसरात होतो. तालुक्याचा मोठा भाग घनदाट अरण्याने व्यापलेला आहे. येथील अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्पाला 2015 मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. कुणबी शेतकरी, सुपारीच्या बागा करणारे हव्यक, गवळी आणि सिद्दी असे समाज येथे राहतात. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानी पडतात. कन्नडमधील ‘कषाय’ गोव्याच्या घराघरांत ‘कसाय’ म्हणून ओळखीचा आहे.

चहा म्हणजे काय?

चहा ही एका विशिष्ट झुडपाची पाने आहेत. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. भारताच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांतील व्याख्याही याच वनस्पतीपुरती मर्यादित आहे. त्यामुळे तुळस, आले किंवा गवती चहा यांच्या पाण्यात चहापत्ती नसेल, तर त्या व्याख्येनुसार ते पेय चहा ठरत नाही. ‘गवती चहा’ हे तर मुळात एका सुगंधी गवताचे नाव. मराठीने त्यालाही चहाच म्हटले, इतके हे पेय रुळले.

वस्तुतः भारतीय घरांत चहा स्थिरावला तो उशिरा. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये 1839 साली झाला. चहाच्या प्रचारासाठी उपकर बसवणारा कायदा 1903 मध्ये आला आणि त्यानंतरच्या दशकांत जाहिराती व प्रात्यक्षिके यांच्या बळावर देशांतर्गत खप वाढला. त्याआधी पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची रीत महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही होती. आज कोरा चहा, गुळाचा चहा आणि दुधाचा चहा अशा आवडी घरोघरी भिन्न आहेत. परंतु कषायाची जागा चहाला पूर्णपणे घेता आलेली नाही.

कषायाची कृती

रोजच्या कषायात धने अधिक, जिरे त्याहून कमी आणि मिरी व मेथी थोडी असते. काही घरांत सुंठ, बडीशेप किंवा वेलचीही घालतात. हे जिन्नस मंद आचेवर भाजून भरड दळतात आणि हवाबंद डब्यात ठेवतात. दीड कप पाण्यात चमचाभर पूड घालून ते कपभर होईपर्यंत उकळतात आणि गूळ विरघळवतात. दूध मात्र भांडे चुलीवरून उतरवल्यावर घालावे. गुळाच्या आम्लतेमुळे ते उकळताना फाटण्याची शक्यता असते. या पेयात कॅफीन नसल्याने ते लहान मुलांना आणि रात्री झोपण्यापूर्वीही चालते.

आयुर्वेदात ‘कषाय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सहा रसांपैकी तुरट रस हा एक. दुसरा अर्थ वनस्पतींचे गुण काढून घेण्याच्या पाच पद्धतींचा : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेनुसार क्वाथासाठी एक भाग औषधी सोळापट पाण्यात उकळून अष्टमांश उरवतात. हिमासाठी सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवतात. फांटासाठी चौपट गरम पाण्यात घालून गाळतात. स्वयंपाकघरातील अनुभवही याला दुजोरा देतो. कठीण मुळे व साली उकळाव्या लागतात. गवती चहाचा वास उडून जाणारा असल्याने त्यावर गरम पाणी ओतून भांडे झाकणे पुरते. अनंतमुळाच्या सुगंधी मुळ्या आणि कोकमाची सोले थंड पाण्यात भिजवली तरी भागते.

पेय कोठे संपते, औषध कोठे सुरू होते?

धन्या-जिऱ्याचा कषाय हा आहाराचा भाग आहे. किराईत किंवा कुड्याच्या सालीचा काढा हे औषध आहे. त्याला मात्रा आणि मुदत असते. गर्भवतींनी व नियमित औषधे घेणाऱ्यांनी तो वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. जंगलालगतच्या गावांत तर अधिक सावधगिरी हवी. माकडताप म्हणजे क्यासनूर रोग 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळला आणि पुढे उत्तर कन्नडमध्ये व गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण सापडले. रानात जाऊन आलेल्या व्यक्तीला तीव्र ताप आल्यास काढ्यावर दिवस न घालवता आरोग्य केंद्र गाठणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

चहालाही पथ्य आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते. म्हणून जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा टाळावा. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

जंगलाचा हिशेब

धने-जिरे बाजारात मिळतात आणि गवती चहा परसात वाढतो. अनंतमुळाची गोष्ट वेगळी. पान खुडले तर झाड राहते; मूळ उपटले तर झाडच जाते. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजांना गौण वनोपजाचा हक्क दिला आहे, तर राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढण्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत. या दोहोंमध्ये वावरणाऱ्या गावांसाठी अशा वनस्पतींची परसबागेत लागवड हा व्यवहार्य उपाय आहे. पर्यटकांना ‘हर्बल टी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पेल्यात कोणती वनस्पती आहे, तिचा कोणता भाग आहे आणि ती कोठून आली, हे सांगता आले तर ग्राहकाची फसवणूक टळेल, जंगलावरचा भार हलका होईल आणि कषायाचे श्रेय ते जपणाऱ्या घरांना मिळेल.